आवाज कुणाचा, चेहरा कुणाचा?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात डिस्को कुठून आला, असं काहींना वाटेल. पण ‘कर्ता कोण?’ हा आपला जुनाच प्रश्न आहे, आणि तो समजून घ्यायला फ्रांक फारियान या जर्मन गायकाचं आयुष्य फार उपयोगी पडतं.

मूळ नाव फ्रान्झ रॉयटर. जन्म १९४१ चा, कीर्न गावचा. वडील महायुद्धात मारले गेले. मुलगा शिकला स्वयंपाक, ओढ मात्र गाण्याची. १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी नाचाचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यातला खर्जातला आवाज त्यांचा, आणि बायकी वाटणारा बारीक आवाजही त्यांचाच! तबकडीवर नाव घातलं ‘बोनी एम.’ गाणं चाललं आणि पंचाईत झाली. लोक म्हणाले, हे बोनी एम. दाखवा. आता दाखवायचं कुणाला?

मग माणसं जमवली. लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट या खरोखर गाणाऱ्या. मेझी विल्यम्स आणि अरूबा बेटावरचा बॉबी फॅरेल हे दोघे रंगमंचावर दिसायचे, गाजलेल्या तबकड्यांत मात्र त्यांचा आवाज नव्हता. बॉबी बेभान नाचायचा, ओठ हलवायचा. आवाज फारियान यांचा. १९७८ मध्ये ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याच डिसेंबरात हा चमू मॉस्कोत पोचला.

याला फसवणूक म्हणायची का? लगेच ‘हो’ म्हणू नका. आपल्याकडे नायिका गात नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि कुणाला फसल्यासारखं वाटत नाही. पण हे आपोआप घडलेलं नाही. १९४९ च्या ‘महल’च्या तबकडीवर सुरुवातीला गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचंच नाव होतं. श्रोत्यांनी विचारणा केली, तेव्हा लताबाईंचं नाव पुढे आलं. म्हणजे बघा, दोष ओठ हलवण्यात नाही. गाणारा कोण हे ऐकणाऱ्याला सांगितलं आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

न सांगितल्याची किंमत फारियान यांच्याच दुसऱ्या प्रयोगात दिसली. ‘मिली व्हॅनिली’च्या दोन तरुणांना १९९० मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच नोव्हेंबरात फारियान यांनी जाहीर केलं की ते दोघे गायलेच नव्हते. पुरस्कार काढून घेतला गेला. खरे गाणारे इतके दिवस अंधारात राहिले होते. आणि हसं झालं ते चेहऱ्यांचं. त्यांपैकी रॉब पिलाटस १९९८ मध्ये ऐन तारुण्यात गेला. फारियान पुढेही निर्माते म्हणून काम करत राहिले. २०२४ मध्ये ते वारले.

आम्हाला इथे बॉबीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याचा नाच उसना नव्हता. तो घाम त्याचा स्वतःचा होता. ‘हा नर्तक, तो गायक’ एवढं जरी छापलं असतं, तरी दोघांचाही मान राहिला असता. १९८१ मध्ये बॉबी चमूतून बाहेर पडला, पुढे स्वतःचा चमू घेऊन फिरत राहिला. ३० डिसेंबर २०१० ला सेंट पीटर्सबर्गमध्ये तो गेला. आदल्याच संध्याकाळी त्याने कार्यक्रम केला होता.

आता तर यंत्रही कुणाचाही आवाज काढतं. तिथे ‘खरं की खोटं?’ एवढ्यावर थांबू नका. आधी विचारा: हा आवाज कुणाचा आहे, आणि ते आपल्याला सांगितलं का?