कागदावर उरलेला मताधिकार

वेगवेगळ्या देशांतले विद्यार्थी अमेरिकेच्या इतिहासावर बोलायला बसले की चर्चा फार लवकर माणसांवर घसरते: आजचा अमुक नेता म्हणजे कालचा तमुक. अशा तुलनेतून हाती फारसं काही लागत नाही. माणसं बदलतात, युक्त्या मात्र पुन्हा वापरल्या जातात. म्हणून तुलना करायची तर युक्त्यांची करावी. यादवी युद्धानंतरचा काळ त्यासाठी बारकाईने वाचण्यासारखा आहे. फेब्रुवारी १८७० मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली आणि त्याच महिन्यात मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या शेवटच्या दोन राज्यांमधला केंद्राचा लष्करी पहारा उठला. ती घटनादुरुस्ती पुढे कोणी रद्द केली नाही. तशी गरजच पडली नाही. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत दोन डॉलरचा मतदान कर लावला, शिवाय मतदाराला घटनेतलं कलम वाचता यावं किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा अर्थ सांगता यावा, अशी अट घातली. अटीत वंशाचा उल्लेख कुठेच नव्हता. पण कलम कोणतं द्यायचं आणि उत्तर बरोबर की चूक, हे गोरा नोंदणी अधिकारी ठरवायचा. शिकलेला कृष्णवर्णीय शिक्षकही तिथे नापास होऊ शकत होता. लुईझियानात १८९६ मध्ये १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. तिथेही असेच नियम आले आणि १९०४ मध्ये उरले १,३४२.

१९६५ च्या मताधिकार कायद्याने ही दारं उघडली. ज्या राज्यांचा पूर्वेतिहास वाईट, त्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी सक्तीची झाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही व्यवस्था निकामी केली आणि काही तासांतच टेक्सासने आपला ओळखपत्राचा कायदा लागू होत असल्याचं जाहीर केलं. त्यात बंदुकीचा परवाना चालत होता, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नव्हतं. याची १८९० शी तुलना अतिशयोक्त आहे, ओळखपत्र तर भारतातही मागतात, असं कोणी म्हणेल. फरक मोठा आहेच आणि विद्यार्थ्यांनी तो आधी मांडावा. भारतात निवडणूक आयोग स्वतःच मतदाराला ओळखपत्र देतो. टेक्सासच्या कायद्याविरुद्ध न्यायालयात जाता आलं आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयाने त्याचा परिणाम भेदभावाचा असल्याचं मान्यही केलं. तरी विचारायचा प्रश्न बदलत नाही: सगळ्यांना सारखा दिसणारा नियम प्रत्यक्षात कोणाला अडवतो?

परक्या देशाच्या जखमांवर बाहेरच्यांनी का बोलावं, हा आक्षेप मला पटत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामीविरुद्ध झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. मात्र गुलामी आणि अस्पृश्यता एकच, असं त्यांनी मानलं नाही. दोन्हींतला फरक त्यांनी सविस्तर लिहिला. साम्य शोधताना भेद न विसरण्याची ही शिस्त विद्यार्थ्यांनी उचलावी. भारताच्या घटनेतल्या ३२६ व्या कलमाने शिक्षणाची किंवा मालमत्तेची अट न घालता प्रत्येक प्रौढाला मत दिलं. ही घटना १९५० मध्ये लागू झाली, तेव्हा मिसिसिपीत मतदाराला कलमाचा अर्थ विचारला जातच होता. ते बंद व्हायला आणखी पंधरा वर्षं लागली.