घराण्यात नसलेला आनुवंशिक आजार
लहान मुलाच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे, पाच मिलिमीटरहून मोठे सहा किंवा अधिक डाग दिसले, की डॉक्टरांना ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १’ची शंका येते. मज्जातंतूंवर गाठी आणणारा हा आजार आनुवंशिक आहे म्हटले, की आईच्या माहेराची झडती सुरू होते. या झडतीला शास्त्राचा आधार नाही. सुमारे निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांत हा आजार नसतोच. जनुकातला बदल नव्याने घडलेला असतो. १९९० मध्ये सापडलेले हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते आणि त्यापासून बनणारे न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन पेशींच्या वाढीला आवर घालते. जन्मतः एक प्रत बिघडलेली असली, तरी गाठ धरते ती मज्जातंतूच्या आवरणातील श्वान पेशीत दुसरी प्रतही निकामी झाल्यावर. म्हणून एकच दोष असलेल्या बापलेकांतही एकाला नुसते डाग, तर दुसऱ्याला अंगभर गाठी असू शकतात.

मग कुळात काही नसताना जनुकीय सल्ला कशाला, असे कोणी विचारील. कारण बदल नवा असला, तरी रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. आईवडिलांची त्वचा आणि डोळे तपासायचे, ते पुढच्या बाळाचा धोका ठरवण्यासाठी. दोष कोणाच्या माथी मारायचा, हे ठरवण्यासाठी नव्हे.