व्ह्यूज कोटींत, तरी विश्वकोशात नोंद का नाही?

नवे गाणे प्रसिद्ध होते, पाहता पाहता यूट्यूबवर कोटीचा टप्पा ओलांडते, रील्समधून घरोघरी पोचते, आणि एवढे होऊनही विकिपीडियावर त्याच्या नावाने तयार झालेले पान काढले जाते, तेव्हा ‘एवढे गाजलेले गाणे विश्वकोशाला दिसत नाही, म्हणजे विश्वकोशच पक्षपाती’ असा निष्कर्ष चाहते हमखास काढतात. हा युक्तिवाद इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे केला जातो, की त्यामागील गृहीतक एकदा नीट तपासणे भाग आहे. ते गृहीतक असे, की व्ह्यूज पुरेसे असले म्हणजे गाणे स्वतंत्र नोंदीस पात्र ठरते.

वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. एखाद्या विषयावर स्वतंत्र लेख असावा की नाही हे ठरवण्याच्या कसोटीला विकिपीडियावर ‘उल्लेखनीयता’ म्हणतात, आणि इंग्रजी विकिपीडियाच्या संगीतविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार गाण्याची उल्लेखनीयता प्रामुख्याने एकाच गोष्टीवर ठरते: गायक आणि ध्वनिमुद्रण कंपनी यांच्याशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह अशा एकाहून अधिक प्रकाशनांनी त्या गाण्याविषयी पुरेशा विस्ताराने लिहिले आहे का? व्ह्यूजची किमान संख्या या सूचनांत कोठेही दिलेली नाही, आणि तसे असण्याला कारण आहे. विश्वकोशातील प्रत्येक विधानाला कोणीतरी आधी प्रसिद्ध केलेला आधार लागतो. संपादकाने स्वतः गाणे ऐकून केलेले रसग्रहण तेथे चालत नाही. दहा कोटी व्ह्यूजमधून मात्र एकच वाक्य निघते, ते म्हणजे या गाण्याला दहा कोटी व्ह्यूज आहेत. चाल कशी सुचली, शब्द कोणत्या बोलीतले आहेत, समीक्षकांना काय खटकले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तो आकडा देत नाही.

शिवाय तो आकडा निखळ असतो असेही नाही. जुलै २०१९ मध्ये रॅपर बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याला पहिल्या २४ तासांत सुमारे साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा आणि त्यामुळे जागतिक विक्रम मोडल्याचा दावा झाला, परंतु यूट्यूबने त्या विक्रमाची घोषणा केली नाही. त्या गाण्याच्या जाहिरातींवर झालेल्या खर्चाची चर्चा वृत्तमाध्यमांत झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबने जाहीर केले, की पैसे देऊन दाखवलेल्या जाहिरातींतून मिळणारे व्ह्यूज यापुढे आपल्या संगीत क्रमवारीत आणि २४ तासांच्या विक्रमांत धरले जाणार नाहीत. स्वतः यूट्यूबनेच ज्या संख्येला अशी चाळणी लावली, ती संख्या विश्वकोशाने डोळे झाकून प्रमाण मानावी, ही अपेक्षा अजब म्हणावी लागेल.

याउलट ‘आरआरआर’ या तेलुगू चित्रपटातील ‘नाटू नाटू’ हे गाणे स्वतंत्र लेखास का पात्र ठरते, हे पाहण्यासारखे आहे. एम. एम. कीरवाणी यांचे संगीत, चंद्रबोस यांचे शब्द, प्रेम रक्षित यांचे नृत्यदिग्दर्शन आणि ऑगस्ट २०२१ मध्ये युक्रेनच्या राजधानीतील मारिन्स्की राजवाड्यासमोर झालेले चित्रीकरण, या प्रत्येक बाबीवर देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी आपापल्या वार्ताहरांकडून लिहून घेतले; त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गोल्डन ग्लोब आणि मार्चमध्ये ऑस्कर मिळाल्यावर त्या लेखनात भरच पडली. महत्त्वाचा पुरस्कार किंवा राष्ट्रीय क्रमवारीतील स्थान ही विकिपीडियाच्या दृष्टीने उल्लेखनीयतेची केवळ चिन्हे आहेत. अशा गाण्यावर लेखन झालेले असण्याची शक्यता ती दर्शवतात, ते लेखन प्रत्यक्ष शोधून दाखवावेच लागते.

आता एखाद्या नव्या स्वतंत्र मराठी गाण्याच्या पानाखाली सामान्यतः दिसणारी स्रोतांची यादी तपासावी. पहिला दुवा यूट्यूबवरील चित्रफितीचा असतो. ती गाणे अस्तित्वात असल्याचा पुरावा आहे, त्याच्या महत्त्वाचा नाही. दुसरा दुवा कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकाचा, म्हणजे विक्रेत्याने स्वतःच्या मालाविषयी लिहिलेल्या मजकुराचा. तिसरा गायकाच्या मुलाखतीचा. तिच्यातून तपशील घेता येतात, पण स्वतःविषयी स्वतः बोलणे त्रयस्थ ठरत नाही. चौथा, पाचवा आणि सहावा दुवा तीन वेगवेगळ्या वृत्तसंकेतस्थळांचा असतो आणि यादी भारदस्त वाटू लागते, परंतु तिन्ही बातम्या शेजारी शेजारी उघडल्या की तेच छायाचित्र, तीच वाक्ये, ‘तरुणाईला वेड लावणारे’ हेच विशेषण, आणि बातमीदाराचे नाव एकाही ठिकाणी नाही, असे आढळते. म्हणजे प्रसिद्धिपत्रकच तीनदा छापले गेले आणि सहा दुव्यांत त्रयस्थ स्रोत शून्य निघाला. अशा बातम्या पैसे घेऊन छापल्या गेल्या असाव्यात, ही शंका अनाठायी नाही. पैसे घेऊन बातमी छापण्याच्या प्रकारावर भारतीय प्रेस कौन्सिलने निवडणुकांच्या संदर्भात २०१० मध्ये अहवाल दिला आहे, आणि मनोरंजनविषयक मजकुरातही तोच धोका असल्याने भारतीय वृत्तमाध्यमांतील अशा मजकुराबाबत सावध राहण्याचा स्पष्ट इशारा इंग्रजी विकिपीडियाच्या सूचनांत आहे.

‘पण गाणे चार्टवर पहिले आले’ हा यानंतरचा ठरलेला बचाव असतो. कोणत्या चार्टवर, हे विचारले की उत्तर बहुधा एकाच विक्रेत्याच्या किंवा एकाच ॲपच्या यादीचे नाव असते, आणि अशा एकट्या दुकानाच्या याद्या इंग्रजी विकिपीडिया ग्राह्य धरत नाही. येथे भारतीय गाण्यांची खरी अडचण आहे, हे मान्य केले पाहिजे. भारतीय ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने जून २०२१ मध्ये सुरू केलेली अधिकृत क्रमवारी केवळ आंतरराष्ट्रीय गाण्यांची होती, आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाची भारतासाठीची क्रमवारी आली ती २०२२ मध्ये. त्यामुळे क्रमवारीच्या आधारे पात्रता दाखवणे मराठी गाण्यांना अमेरिकी गाण्यांइतके सोपे नाही. मात्र यावरचा उपाय व्ह्यूज मोजणे हा नसून लेखन शोधणे हाच आहे.

उरलेले गैरसमज थोडक्यात निकालात काढता येतील.

गायक मोठा म्हणून त्याचे प्रत्येक गाणे पात्र: नाही, उल्लेखनीयता वारशाने मिळत नाही, आणि अल्बमच्या परीक्षणात गाण्याविषयी आलेली एखादी ओळही पुरेशी नसते.

टीझर आला, आता लेख हवा: विश्वकोश भविष्य वर्तवत नाही, गाणे प्रसिद्ध होऊन त्यावर लिहिले जाईपर्यंत थांबावे.

पान काढण्याच्या चर्चेत जास्त मते पडली की जिंकलो: इंग्रजी विकिपीडियावर साधारण सात दिवस चालणारी ही चर्चा मतदान नव्हे, तेथे मुद्द्यांचे वजन पाहिले जाते, आणि शंभर चाहत्यांच्या ‘लेख ठेवा’पेक्षा दोन चांगले स्रोत भारी पडतात.

पैसे देऊन लेख पक्का करता येतो: मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने ते उघड करणे २०१४ पासून वापराच्या अटींनुसार बंधनकारक आहे, आणि लेख टिकण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही, तशी हमी देणारा फसवत असतो.

गाण्याचे सगळे बोल दिले की लेख भरतो: भारतीय कायद्यानुसार गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत बोलांवर स्वामित्वहक्क असतो, त्यामुळे तो मजकूर काढलाच जाईल.

इंग्रजीतले नियम मराठी विकिपीडियावर जसेच्या तसे लागतात: प्रत्येक भाषेतील संपादकसमूह आपले निकष स्वतः ठरवतो; त्रयस्थ स्रोतांचे तत्त्व मात्र सर्वत्र मूलभूत आहे.

पान काढले म्हणजे गाणे टाकाऊ ठरले: गुणवत्तेचा निवाडा येथे होतच नाही. पुष्कळदा असे पान पुसलेही जात नाही, तर ‘पुनर्निर्देशित’ होते, म्हणजे गाण्याचे नाव शोधणारा वाचक आपोआप गायकाच्या, अल्बमच्या किंवा चित्रपटाच्या लेखावर पोचतो आणि तेथे गाण्याची माहिती त्याला मिळते. पुढे पुरेसे लेखन झाले, तर त्याच जागी स्वतंत्र लेख उभा करता येतो.

तेव्हा पान तयार करण्यापूर्वी चाहत्यांनी एवढेच करावे: ज्यांचा गाण्याशी आर्थिक संबंध नाही अशा लेखकांनी लिहिलेले, गाण्यावरच केंद्रित असलेले दोन-तीन सविस्तर लेख शोधावेत, ते सापडले नाहीत, तर गायकाच्या लेखात चार ओळींची भर घालून थांबावे. आणि मराठी गाणी विश्वकोशात कमी दिसतात याचे ज्यांना मनापासून वाईट वाटते, त्यांनी संपादकांशी वाद घालण्यापेक्षा नियतकालिकांच्या संपादकांकडे एक मागणी करावी, की नव्या गाण्यांची परीक्षणे नावानिशी, सविस्तर आणि नियमित छापावीत. मुळात लिहिलेच गेले नाही, तर विश्वकोश नोंद करणार तरी कशाच्या आधारे?