मुलाखतींनंतरचा पसंतीक्रम : अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या निवासी प्रशिक्षणासंबंधी एक विचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वैद्यकीय पदवीधराला मनोविकारतज्ज्ञ व्हावयाचे असेल, तर त्याला चार वर्षांचे निवासी प्रशिक्षण पुरे करावे लागते. त्यासाठी तो निरनिराळ्या रुग्णालयांकडे अर्ज करतो, मुलाखती देतो, आणि मुलाखतींचा हंगाम सरला की त्याच्या हाती एकच काम उरते : जेथे जेथे मुलाखत झाली, त्या प्रशिक्षणकेंद्रांची आपल्या पसंतीप्रमाणे क्रमवार यादी करणे. केंद्रेही उमेदवारांची अशीच यादी करतात. दोन्ही बाजूंच्या याद्या नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम या संस्थेकडे जातात, आणि मार्च महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी कोण कोठे जाणार हे जाहीर होते. हा निकाल उभयपक्षी बंधनकारक असतो. भारतात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील गुणानुक्रमाने ठरतो, मुलाखतीला त्यात स्थान नाही. त्यामुळे मुंबई-पुण्याकडून तिकडे जाणाऱ्या पदवीधरांना ही पद्धती प्रथमदर्शनी गूढ वाटावी हे साहजिक आहे.

यादी करताना उमेदवाराच्या मनात सहसा दोन प्रश्नांची गल्लत होते. 'मला कोठे जावेसे वाटते' हा एक, आणि 'मला कोण घेईल' हा दुसरा. एखादे केंद्र मनापासून आवडलेले असते, पण तेथे आपला पाड लागणार नाही अशी धास्ती असते. दुसऱ्या केंद्राच्या संचालकाने मुलाखतीत आपुलकी दाखविलेली असते. मग पहिला क्रमांक आवडत्या केंद्रावर 'वाया घालविण्यापेक्षा' खात्रीच्या केंद्राला द्यावा, असा सावध विचार बळावतो. हा विचार व्यवहारचातुर्याचा वाटतो खरा; परंतु प्रचलित पद्धतीत तो निखालस चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजण्यासाठी या पद्धतीचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून अमेरिकेतील रुग्णालये चांगले विद्यार्थी गाठण्यासाठी परस्परांच्या आधी नेमणुका देऊ लागली होती, आणि ही चढाओढ विद्यार्थ्याच्या पदवीपूर्वी दीड-दोन वर्षांपर्यंत मागे सरकली होती. 1945 साली वैद्यकीय महाविद्यालयांनी ठराविक तारखेपूर्वी विद्यार्थ्यांची माहिती न देण्याचे ठरविले. त्याने एक दुखणे बरे झाले आणि दुसरे जडले. नेमणुकीचे पत्र आल्यावर उत्तरासाठी प्रथम दहा दिवसांची मुदत असे. विद्यार्थी अधिक चांगल्या जागेची वाट पाहत ते हाती धरून ठेवीत, आणि शेवटच्या घटकेला नकार आल्यावर रुग्णालयांची धावपळ होई. मुदत घटत गेली. 1949 मध्ये ती बारा तासांवर आणण्याची सूचना पुढे आली, तेव्हा रुग्णालयांच्या संघटनेला तीही फार लांब वाटली!

यावर उपाय म्हणून मध्यवर्ती जुळणीची योजना निघाली. तिच्या पहिल्या मसुद्यात, उमेदवार व रुग्णालय यांनी एकमेकांस पहिला क्रमांक दिला असेल त्या जोड्या आधी पक्क्या करावयाच्या, मग एका बाजूचा पहिला व दुसऱ्या बाजूचा दुसरा क्रमांक विचारात घ्यावयाचा, असा विधी होता. वरकरणी हे न्याय्य दिसते. परंतु त्यात अवघड केंद्राला पहिला क्रमांक देणाऱ्याचे नुकसान होई. कारण तेथे तो नाकारला जाईपर्यंत त्याच्या दुसऱ्या पसंतीची जागा, ज्याने तिला पहिला क्रमांक दिला अशा इतर कोणास मिळून गेलेली असे. म्हणजे वर उल्लेखिलेला सावध विचार या मसुद्यापुरता अगदी बरोबर होता. हा दोष प्राध्यापकांनी नव्हे, तर विद्यार्थ्यांनी 1951 साली उघडकीस आणला, आणि त्यांच्या आग्रहावरून विधी बदलून 1952 साली पहिली जुळणी झाली. आज दिसणारी भीती ही एका अर्थी त्या टाकून दिलेल्या मसुद्याची भीती आहे.

सध्याच्या विधीचे तत्त्व असे. प्रत्येक उमेदवाराचा अर्ज प्रथम त्याच्या यादीतील पहिल्या केंद्राकडे नेला जातो. केंद्र आपल्या यादीनुसार वरच्या उमेदवारांना धरून ठेवते, परंतु हे धरणे तात्पुरते असते. ज्याला जागा मिळाली नाही त्याचा अर्ज त्याच्या दुसऱ्या केंद्राकडे जातो. आणि तेथील जागा भरलेल्या असल्या तरी, ते केंद्र त्याला धरून ठेवलेल्या एखाद्या उमेदवाराहून वर मानीत असेल तर तो आत येतो व खालचा बाहेर पडतो. बाहेर पडलेला पुढच्या केंद्राकडे जातो. ही हालचाल थांबेपर्यंत कोणतीही जोडी पक्की होत नाही. तेव्हा उमेदवार दुसऱ्या केंद्राकडे आधी आला की नंतर, याला काहीच महत्त्व उरत नाही. पहिल्या केंद्राकडे 'प्रयत्न करून पाहिल्याची' किंमत शून्य असते. उलट खात्रीचे केंद्र वर ठेवल्यास तेथेच जुळणी होऊन आवडत्या केंद्राचा विचारही होत नाही.

डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली यांनी 1962 साली हे तत्त्व गणिती रूपात मांडले. त्यांचा निबंध महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाह यांसंबंधी होता. रुग्णालयांत तत्सम विधी दहा वर्षे चालू आहे, हा संबंध अल्विन रॉथ यांनी 1984 मध्ये दाखवून दिला. मात्र त्या वेळचा विधी रुग्णालयांच्या बाजूने सुरू होई, आणि त्यात उमेदवाराला यादीत फेरफार करून लाभ होण्याची शक्यता, निदान सिद्धांततः, होती. रॉथ व इलियट पेरॅन्सन यांनी तयार केलेला, उमेदवारांच्या बाजूने चालणारा विधी 1998 पासून अंमलात आहे. या बदलाने फरक पडणारे उमेदवार हजारी एकाच्या आसपास आढळले, हे लक्षात घेतले म्हणजे आधीच्या काळातील डावपेचही बहुधा व्यर्थच होते असे म्हणावे लागते. पतिपत्नींनी संयुक्त यादी दिल्यास गणित बिकट होते, हा अपवाद मात्र नोंदविला पाहिजे. रॉथ व शॅप्ली यांस 2012 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल यांचे 2008 मध्येच निधन झाले होते.

एवढ्याने 'मला कोण घेईल' हा प्रश्न यादीपुरता निकालात निघतो. पण 'मला कोठे जावेसे वाटते' हा प्रश्न कोणताही गणिती विधी सोडवीत नाही, आणि मनोविकारशास्त्राच्या बाबतीत तो विशेष अवघड आहे. शस्त्रक्रिया शिकविणाऱ्या केंद्रात शस्त्रक्रियांची संख्या तरी मोजता येते. येथे पहिल्या वर्षातील काही महिने सामान्य वैद्यकात व दोन महिने मज्जाविकारशास्त्रात घालवावे लागतात, पुढे आंतररुग्ण, बाह्यरुग्ण, बालमनोविकार, व्यसनमुक्ती असे टप्पे येतात. हा सांगाडा सर्वत्र जवळजवळ सारखाच असतो. भेद असतो तो न दिसणाऱ्या गोष्टींत. मनोचिकित्सेचा एखादा रुग्ण वर्ष-दोन वर्षे सलग विद्यार्थ्याच्या हाती राहतो की नाही? पर्यवेक्षक त्याची संभाषणे प्रत्यक्ष ऐकतो, की केवळ तोंडी वृत्तांतावर समाधान मानतो? रात्रपाळीत तातडीच्या रुग्णासंबंधी वरिष्ठाला उठविणे स्वाभाविक मानतात, की कमीपणाचे? 2020 पासून मुलाखती बहुतांशी पडद्यावरून होऊ लागल्यामुळे हे जाणून घेणे अधिकच कठीण झाले आहे. केंद्राने निवडून दिलेल्या निवासी वैद्यांपेक्षा, शेवटच्या वर्षातील कोणाशी स्वतंत्रपणे झालेले संभाषण अधिक बोलके ठरते.

केंद्रांना गुण देऊन बेरीज करण्याची चाल आहे. ती निरुपद्रवी असली तरी फसवी आहे, कारण आधीच मनात ठरलेले केंद्र वर येईपर्यंत गुणांचे प्रमाण बदलले जाते. एल. एल. थर्स्टन यांनी 1927 मध्ये मांडलेल्या तौलनिक निर्णयाच्या नियमाशी परिचित असलेल्यास, एका वेळी दोनच केंद्रे समोर ठेवून 'यांपैकी कोठे?' एवढेच विचारणे अधिक सयुक्तिक वाटेल. बारा केंद्रे असतील तर अशा 66 जोड्या होतात; तितका वेळ चार वर्षांच्या मानाने फार नव्हे. त्यात 'अ'पेक्षा 'ब' खालचे, 'ब'पेक्षा 'क' खालचे, आणि तरी 'क' मात्र 'अ'हून वरचे, असे चक्र निघाले तर ते दोष समजू नये. प्रत्येक तुलनेत कसोटी बदलत आहे, एकदा शहर, एकदा अध्यापन, एकदा कुटुंबाची जवळीक, हे त्यावरून कळते, आणि विचार नेमका तेथेच करावयाचा असतो.

परदेशी पदवीधरांस आणखी एक कसोटी लागू होते. जे-1 प्रवेशपत्रावर प्रशिक्षण घेणाऱ्यास नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. तीतून सूट मिळविण्याचा रूढ मार्ग म्हणजे वैद्यांची उणीव असलेल्या भागात तीन वर्षे सेवा. काही केंद्रे दुसऱ्या प्रकारचे प्रवेशपत्र मिळवून देतात, काही मुळीच देत नाहीत. हा प्रश्न पसंतीच्या बाहेरचा नाही, पसंतीचाच भाग आहे.

मुलाखतींनंतर केंद्रांकडून येणारी स्नेहाची पत्रे मात्र यादीत मोजू नयेत. स्वतःहून आपुलकी व्यक्त करण्यास नियमांची आडकाठी नाही. समोरच्याचा क्रम विचारण्यास आहे. अशा पत्राने कोणीही बांधला जात नाही, आणि बांधला गेला असता तरी वर वर्णिलेल्या विधीत उमेदवाराच्या क्रमात त्यामुळे फरक पडण्याचे कारण नव्हते. यादीच्या तळाशी कोणते केंद्र ठेवावे, यापुरता तेवढा सावध विचार उपयोगी आहे. जेथे कोणत्याही परिस्थितीत जावयाचे नाही ते केंद्र लिहूच नये, कारण जुळणी झाली तर जावेच लागते. पण जेथे जाणे रिकामे राहण्याहून बरे, असे प्रत्येक केंद्र लिहावे. जागा न मिळालेल्यांस निकालाच्या आठवड्यातील सोमवारी तसे कळते, आणि उरलेल्या जागांसाठी 2012 पासून जी पुरवणी व्यवस्था आहे, तीत विचाराला दिवसही नव्हे, तास मिळतात.