पहिल्या अठरा मीटरांचे गणित

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धान घरी आल्यानंतर भरणारा शंकरपट, म्हणजे हलक्या छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्यांची सरळ धाव, आणि स्पोर्ट्स मोटारींची ड्रॅग शर्यत यांचा पाया एकच आहे. वळण नसते, अंतर थोडे असते आणि निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो, त्यामुळे सुटतानाच गमावलेला वेळ पुढे सहसा भरून निघत नाही. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेले पट १६ डिसेंबर २०२१ च्या सशर्त परवानगीने पुन्हा सुरू झाले आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा संबंधित कायदा वैध ठरवला. ड्रॅग शर्यतीचे प्रचलित अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर असून लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत.

बैलाचा खूर मातीत रुतून जोर घेतो. मोटारीच्या चाकाला मात्र तळहाताएवढ्या रबराच्या घर्षणाचाच आधार असतो, म्हणून इंजिनाची ताकद कितीही वाढवली तरी पकडीपलीकडचा जोर चाक जागीच फिरवण्यात वाया जातो. टायर किंचित घसरत असताना, साधारणतः दहा ते पंधरा टक्के, त्याची पकड सर्वाधिक असते; त्याहून अधिक घसरला की ती घटते.

पकड वाढवण्याचे मर्म धुरकऱ्याला ठाऊक असलेल्या एका शब्दात आहे : उलाळ. बैलगाडीचा भार मागे गेला की जू वर उचलले जाते, आणि जोरात सुटणारी मोटारही अशीच मागे झुकते. १४०० किलो वजनाची, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली मोटार गुरुत्वाकर्षणाच्या सहा-दशांश त्वरणाने निघाली, तर सुमारे १६८ किलो भार पुढून मागच्या चाकांवर जातो. मागच्या चाकांनी चालणाऱ्या मोटारीला हे वरदान आहे, कारण दाब वाढला की पकड वाढते. म्हणून तिचे पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाक सहज उचलू देतील इतके सैल ठेवतात. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या मोटारीत हाच उलाळ घातक ठरतो आणि तिथे पुढचे नाक खाली धरून ठेवण्याचा खटाटोप करावा लागतो.

टायरमधील हवा थोडी कमी केल्यास जमिनीशी संपर्क वाढतो, परंतु उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेखाली जाणे वेगात जीवघेणे ठरते. साधा डिफरेन्शिअल, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणारी दंतचक्रांची रचना, दोहोंना सारखाच जोर देतो. त्यामुळे एक चाक घसरले की दुसऱ्याचाही जोर जातो, आणि हा दोष घसरण-नियंत्रित डिफरेन्शिअलने बराच कमी होतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्याची झळही विसरता येत नाही. ४५ अंशांवरील हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. मोटार जोरात सोडण्याचा सराव बंद धावपट्टीवरच व्हावा. ताडोब्याच्या परिसरातील रस्ते वन्यप्राणीही ओलांडतात आणि तिथे वेगाची हौस कोणत्याही कारणाने क्षम्य नाही.

क्लच सोडताना इंजिनाचे फेरे किती ठेवावेत, हे कागदावर ठरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून पहिल्या साठ फुटांचा, म्हणजे सुमारे १८ मीटरांचा वेळ नोंदवतात, कारण तिथे वाचलेला सेकंदाचा दशांश शेवटच्या रेषेपर्यंत बहुधा त्याहून मोठा होऊन पोचतो.