इंजिन बदलले, क्लच मात्र रुसला

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आपल्या जुन्या जीपमधून गोव्याहून बेळगावास परतत होते. चोर्ला घाटाच्या चढणीवर वाहतूक खोळंबली आणि त्यांची जीप एका मालट्रकच्या पाठीशी उभी राहिली. पहिला गिअर टाकलेला, क्लचचे पेडल तळाशी दाबलेले. तरीही जीप इंचाइंचाने पुढे सरकू लागली. त्यांनी तत्काळ ब्रेक दाबला, इंजिन बंद पडले आणि अपघात टळला. मागील आसनावर त्यांची दोन मुले बसली होती, हे येथे सांगितले पाहिजे.

या जीपचे मूळ पेट्रोल इंजिन काढून तिला डिझेल इंजिन बसविले होते. त्यानंतर वर्षभरात क्लच प्लेट दोनदा बदलली गेली. खर्च झाला, पण गुण आला नाही. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार होता.

विलीज जीप आपल्या देशात जोडण्यास महिंद्र कंपनीने १९४७ साली प्रारंभ केला. त्या घराण्यातील उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप अमेरिकेत १९५३ साली आली, आणि पुढे आपल्याकडेही ती दीर्घकाळ तयार होत राहिली. तिचे मूळ इंजिन चार सिलिंडरांचे, २१९९ घनसेंटीमीटरचे, पेट्रोलवर चालणारे. इंधनाचा खर्च वाचावा म्हणून अशा कित्येक जीपगाड्यांना डिझेल इंजिने बसविली गेली. इंजिन बदलले की त्याबरोबर क्लचही बदलतो. पेडल मात्र जुन्याच चेसिसवर जागच्या जागी राहते. त्या दोहोंना जोडणाऱ्या सळया आणि पट्ट्या यांच्याकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही.

ही जोडणी कशी चालते ते पाहू. पेडलपासून निघालेली सळई एका आडव्या नळीस फिरविते. या नळीचे एक टोक चेसिसवर आणि दुसरे इंजिनाच्या बाजूस, अशी ती दोन गोल गोट्यांवर टेकलेली असते. इंजिन रबरी फाउंडेशनवर हलते, त्या हालचालीने नळी अडकू नये म्हणून ही योजना. नळीची दुसरी पट्टी सळईने किंवा केबलने क्लचचा फोर्क ओढते, आणि फोर्क रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबतो. पायाने पेडल पाच इंच दाबावे, तेव्हा बेअरिंग जेमतेम अर्धा इंच सरकते. म्हणजे पायाकडून बेअरिंगपर्यंत चाल सुमारे दसपटीने घटते. अर्थात बेअरिंगपाशी १ मिलिमीटर चाल वाया गेली, तर पेडलची १० मिलिमीटर चाल फुकट जाते.

प्रस्तुत जीपमध्ये नवे इंजिन मूळ जागेपेक्षा सुमारे दीड इंच पुढे बसले होते. त्यामुळे नळीचे इंजिनाकडील टोकही पुढे गेले आणि नळी तिरकी झाली. पट्टी व सळई यांच्यामध्ये काटकोन असेल तर पट्टीची सर्व चाल सळईस मिळते. तोच कोन ४५ अंशांचा झाला, तर सुमारे ७० टक्केच मिळते. त्यातच जुन्या पिना झिजलेल्या आणि पट्ट्यांची भोके लांबट झालेली.

आता मिस्त्रीची अडचण ध्यानात येईल. गिअर खरखरतो म्हणून त्याने सळईचा नट आवळला. गिअर सुरळीत पडू लागला; परंतु पेडलचा खेळ नाहीसा होऊन बेअरिंग बोटांवर सतत दाबून राहिले, क्लच घसरू लागला आणि प्लेट जळाली. नवी प्लेट टाकून योग्य तो खेळ ठेवला, तो क्लच पुरता सुटेना! वाचकहो, ही खूण लक्षात ठेवावी: खेळ ठेवावा तर क्लच सुटत नाही आणि क्लच सोडवावा तर खेळ उरत नाही, असे झाले की प्रथम मधल्या जोडणीचा संशय घ्यावा. तिची तपासणी केल्यावाचून पुन्हा प्लेटवर पैसे घालू नयेत.

परीक्षा सोपी आहे. सपाट जागी इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, काही क्षण थांबावे आणि रिव्हर्स गिअर टाकावा. खरखर झाली तर क्लच सुटत नाही असे समजावे. मग इंजिन बंद करून, चाकांना उटी लावून, गाडी भक्कम स्टँडवर टेकवूनच खाली शिरावे. केवळ जॅकवर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ होय. दुसऱ्याने पेडल दाबावे आणि आपण नळी, पट्ट्या व फोर्क किती हलतात ते नजरेने व पट्टीने मोजावे. चाल कोठे हरवते ते तेथेच दिसते.

या जीपच्या इंजिनाकडील गोटीसाठी नवा ब्रॅकेट करून नळी पुन्हा सरळ, गाडीच्या लांबीशी काटकोनात आणली. निम्म्या चालीवर पट्टी व सळई काटकोनात येतील अशी सळईची लांबी ठेवली. नव्या पिना व बुश घातले आणि पेडलवर सुमारे एक इंच खेळ ठेवला. प्लेट झिजत जाते तसा हा खेळ कमी होतो, म्हणून तो अधूनमधून तपासावा लागतो.

आणखी एक दोष सहज नजरेआड होतो. इंजिन व चेसिस यांना जोडणारी अर्थची जाड पट्टी काहीजण पुन्हा लावण्याचे विसरतात. मग स्टार्टरचा प्रचंड प्रवाह क्लचच्या केबलमधूनच परत जाऊ शकतो. केबल तापते, आतून करपते आणि अडकते.

नळी बसविण्यास जागाच नसेल, तर मास्टर व स्लेव्ह सिलिंडर लावून तेलाच्या दाबाने फोर्क हलविता येतो. तेथेही हिशेब हवा. पाऊण इंची मास्टरला सात-अष्टमांश इंची स्लेव्ह जोडला, तर स्लेव्हची चाल मास्टरच्या सुमारे पाऊणपटच भरते. पाइप सायलेन्सरपासून दूर ठेवावा आणि त्यातील हवा पूर्ण काढावी. चाल प्रमाणाबाहेर वाढून प्रेशर प्लेटची बोटे दुखावू नयेत म्हणून पेडलला अटकावही हवा.

निराळ्या जातीचे इंजिन बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नोंदणीपुस्तकात तशी नोंद करून घेणे आवश्यक आहे, हेही विसरू नये.

या दुरुस्तीस एक दुपार लागली; खर्च एका नव्या प्लेटहूनही कमी आला. इंजिन बदलून देणाऱ्याने प्रथमच जोडणी मोजून पाहिली असती, तर दोन प्लेटांचे पैसे वाचले असते आणि घाटातला तो प्रसंगही ओढवला नसता. आता ते गृहस्थ त्याच घाटातून ये-जा करतात. चढणीवर थांबताना मात्र पुढच्या गाडीपासून अंतर राखून थांबतात.