अर्धकच्च्या अन्नाची दाद

खाद्यगृहातून आणलेल्या तळीव कोंबडीचे आवरण खरपूस असूनही आतले मांस ओलसर, काचेसारखे अर्धपारदर्शक निघाले, तर ग्राहकाने तो तुकडा रागाच्या भरात फेकून न देता त्याचे छायाचित्र घ्यावे, पावती जपावी आणि व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार गुदरावी. कारण पुढील सारी मदार पुराव्यावरच असते. (हाडालगतचा नुसता गुलाबी रंग मात्र निर्णायक नव्हे, कोवळ्या कोंबडीत मज्जेच्या रंगद्रव्याने शिजलेले मांसही तसे दिसते.) साल्मोनेलासारखे जंतू अपुऱ्या उष्णतेत तगून राहतात, म्हणून प्रकृती बिघडल्यास वैद्याचा दाखला त्याच दिवशी घ्यावा.

पैसे परत देऊन बोळवण करण्याची दुकानदारांची रीत मला अन्यायाची वाटते, कारण किंमत परत मिळणे आणि नुकसानभरपाई मिळणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, मानसिक त्रास आणि दाव्याचा खर्च मागता येतो. मागणी मात्र वाजवी व हिशेबाने सिद्ध होणारी असावी. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि स्वच्छतेविषयीची फिर्याद महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावी. तेवढ्याने निभावले नाही, तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, वकिलावाचूनही, अर्ज दाखल करता येतो; अशा किरकोळ खरेदीच्या दाव्यास शुल्क नाही, आणि मुदत घटनेपासून २ वर्षांची आहे.